तीन कॉर्डचं गाणं, दोन वर्षांचा करार: बेलफास्टच्या 'देम'चं नेमकं काय झालं

ई, डी, ए. गिटारवर हे तीन कॉर्ड (एकत्र छेडलेले सूर) ज्याला बदलता येतात त्याला 'ग्लोरिया' वाजवता येतं. चार मात्रांच्या आवर्तनात पहिल्या दोन मात्रा ई, तिसरी डी, चौथी ए, आणि हेच चक्र शेवटपर्यंत. कडव्याची चाल वेगळी नाही, ध्रुवपदाला नवा कॉर्ड नाही. बदलतो तो गाणाऱ्याचा आवाज आणि ड्रमचा जोर. म्हणूनच गेली साठ वर्षं जगभरातल्या नवख्या बँडांच्या पहिल्या पाच-सहा गाण्यांत हे गाणं हमखास सापडतं.

हे गाणं रेकॉर्ड करणारा ग्रुप मात्र दोन-सव्वादोन वर्षंच टिकला. 'देम' एप्रिल १९६४ मध्ये बेलफास्टला उभा राहिला आणि १९६६ च्या उन्हाळ्यात मोडला. तेवढ्या काळात ब्रिटिश टॉप टेनमध्ये दोन रेकॉर्ड, दोन एलपी, एक अमेरिका दौरा, आणि डझनाहून जास्त वादक आत-बाहेर. का फुटला असं विचारलं की गायक व्हॅन मॉरिसनच्या तापट स्वभावाकडे बोट दाखवलं जातं. स्वभाव होताच तसा. पण त्या काळात तापट माणसं असलेले कितीतरी ग्रुप दहा-दहा वर्षं चालले. 'देम'चं गणित समजून घ्यायचं तर रागलोभ थोडे बाजूला ठेवून गाणं कोणाच्या मालकीचं होतं, नाव कोणाचं होतं आणि तबकडी विकल्यावर पैसा कोणत्या वाटेने जायचा, हे बघावं लागतं.

आधी शोबँड

साठच्या दशकाच्या सुरुवातीला आयर्लंडमध्ये रात्रीच्या नाचगाण्यावर शोबँडांचं राज्य होतं. शोबँड म्हणजे सात ते नऊ जणांचा ताफा: ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोन, गिटार, बास, ड्रम, एक-दोन गायक, सगळे एकसारख्या सुटात. आपल्याकडची ऑर्केस्ट्रा पार्टी डोळ्यासमोर आणा. रेडिओवर जे गाजतंय ते जसंच्या तसं वाजवायचं, मधे विनोद करायचे, लोकांना नाचतं ठेवायचं. वॉटरफर्डचा रॉयल शोबँड आणि स्ट्रबेनचा क्लिपर कार्लटन ही त्यातली बडी नावं. गावोगावी मोठे बॉलरूम होते. पुढे आयर्लंडचे पंतप्रधान झालेले अल्बर्ट रेनॉल्ड्स यांनी आणि त्यांच्या भावाने अशा बॉलरूमची साखळीच चालवली होती.

शोबँडमध्ये पगार नियमित मिळायचा आणि वादक घडायचा. स्वतःचं गाणं वाजवायला तिथे जागा नव्हती. बीट ग्रुपची रचना याच्या बरोबर उलटी. चार-पाच जण, दोन गिटार, बास, ड्रम, फार तर एक ऑर्गन. ब्रास विभाग (ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोन) नाही म्हणजे तीन-चार पगार वाचले, सगळं सामान एका व्हॅनमध्ये मावलं. व्हॉक्स एसी-३० हा तेव्हाचा लाडका अँप्लिफायर तीस वॉटचा. दोनशे लोकांच्या खोलीत तीस वॉट कान फाडतात. दोन हजारांच्या बॉलरूममध्ये तोच आवाज मागच्या भिंतीपर्यंत पोचत नाही आणि गायक तासाभरात घसा बसवून घेतो. हा फरक लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

मॉरिसन स्वतः शोबँडमधूनच आला. जन्म ३१ ऑगस्ट १९४५, पूर्व बेलफास्टच्या हिंडफोर्ड स्ट्रीटवर. वडील जहाजबांधणीच्या गोदीत इलेक्ट्रिशियन, आणि घरात अमेरिकन ब्लूज-जॅझच्या रेकॉर्डचा साठा असा की आसपासच्या मुलांना हेवा वाटावा. 'मोनार्क्स' या शोबँडबरोबर सॅक्सोफोन वाजवत तो १९६३ मध्ये जर्मनीला गेला. तिथल्या क्लबांत रात्रभर सेटवर सेट वाजवायचे आणि समोर अमेरिकन सैनिक बसलेले. त्यांना रिदम अँड ब्लूज हवं असायचं. परतल्यावर त्याला तेच गायचं होतं, पण बेलफास्टमध्ये त्यासाठी जागा नव्हती.

मॅरिटाइम हॉटेलचे काही आठवडे

ती जागा १९६४ च्या एप्रिलमध्ये निघाली. कॉलेज स्क्वेअर नॉर्थवरचं मॅरिटाइम हॉटेल हे खलाशांचं वसतिगृह होतं आणि त्यात दोनेकशे माणसांचा हॉल होता. तिथे आर अँड बी (रिदम अँड ब्लूज) क्लब सुरू करायचं ठरलं आणि मॉरिसनला ग्रुप हवा होता. पूर्व बेलफास्टमध्ये 'गॅम्बलर्स' नावाचा एक ग्रुप आधीच तालीम करत होता: गिटारवर बिली हॅरिसन, बासवर अ‍ॅलन हेंडरसन, ड्रमवर रॉनी मिलिंग्ज, आणि पियानोवर शाळकरी वयाचा एरिक रिक्सन. मॉरिसन त्यांच्यात आला, गायक आणि सॅक्सोफोनवादक म्हणून. नवं नाव रिक्सनने सुचवलं, महाकाय मुंग्यांच्या १९५४ च्या एका हॉलिवूडपटावरून. वर्तमानपत्रात ग्रुप कोण आहे हे न सांगणाऱ्या कोड्यासारख्या छोट्या जाहिराती दिल्या गेल्या आणि काही आठवड्यांत हॉलबाहेर रांगा लागू लागल्या.

मॅरिटाइमला 'देम' जे करत होता ते नंतर कधी नीट रेकॉर्ड झालं नाही. ठरलेला कार्यक्रम नसायचा. 'ग्लोरिया' तिथे पंधरा-वीस मिनिटं चालायचं. कॉर्डचं चक्र अखंड फिरत राहायचं आणि मॉरिसन त्यावर त्या क्षणी सुचेल ते बोलायचा, गायचा, ओरडायचा. एवढी साधी रचना ठेवण्याचा फायदा हाच: वादकांना पुढे काय येणार याचा विचार करावा लागत नाही, सगळे डोळे गायकावर ठेवता येतात. तो हात वर करेल तेव्हा आवाज खाली, तो ओरडेल तेव्हा वर. छोट्या हॉलमध्ये, ओळखीच्या गर्दीसमोर, तीस वॉटच्या अँप्लिफायरवर हे जमतं. टीव्हीवर अडीच मिनिटांत जमत नाही. ग्रुपची पहिली अडचण इथेच होती, आणि तिचा करारांशी संबंध नव्हता: जे त्यांना सगळ्यात चांगलं येत होतं ते विकण्याजोग्या मापात बसत नव्हतं.

कराराच्या टेबलावर कोण कोण

एका चाहत्याने मॅरिटाइममध्ये केलेलं ध्वनिमुद्रण सॉलोमन बंधूंच्या हाती पडलं. सॉलोमन हे बेलफास्टचं रेकॉर्ड वितरणातलं जुनं घराणं. फिल सॉलोमन लंडनमध्ये मॅनेजर होता आणि डब्लिनच्या 'बॅचलर्स' या त्रिकुटाला त्याने डेका कंपनीकडून नुकतंच गाजवून दाखवलं होतं. त्याने डेकाच्या डिक रो यांना बेलफास्टला आणलं. हे तेच रो, ज्यांच्यावर १९६२ मध्ये बीटल्सना नाकारल्याचा शिक्का बसला आणि ज्यांनी नंतर रोलिंग स्टोन्सना करारबद्ध केलं. दोन वर्षांचा करार ठरला.

आता बारकाईने पाहा. ग्रुप सॉलोमनशी बांधला गेला आणि सॉलोमन डेकाशी बोलला. गाण्यांचे प्रकाशन हक्क सॉलोमनच्या हाइड पार्क म्युझिक या संस्थेकडे. पुढे ग्रुपचं बरंचसं रेकॉर्डिंग करणारा निर्माता टॉमी स्कॉट हाही सॉलोमनचाच माणूस, आणि स्वतः गाणी लिहिणारा. म्हणजे मॅनेजर, प्रकाशक आणि बराच काळ निर्माता, तिन्ही खुर्च्या एकाच दिवाणखान्यात. यात बेकायदेशीर काहीही नव्हतं, तेव्हाचा धंदा असाच चालायचा. पण मॅनेजरचं काम ग्रुपच्या बाजूने भांडण्याचं. ज्याच्याशी भांडायचं तोही आपणच असलो तर भांडण होत नाही, एवढं साधं आहे.

करारावरची सही हासुद्धा प्रश्नच होता. ब्रिटनमध्ये तेव्हा सज्ञान होण्याचं वय एकवीस होतं. ते अठरावर आलं १९७० च्या सुरुवातीला. मॉरिसन अठराचा, म्हणून त्याच्या वतीने वडिलांनी सही केली. रिक्सनच्या आईवडिलांनी सही करायला नकार दिला आणि ज्याने नाव सुचवलं तोच ग्रुपच्या पहिल्या रेकॉर्डिंगआधी बाहेर पडला. त्याच्या जागी पॅट मॅकॉली आला. ही पहिली गळती. जुलै उजाडायचा होता.

वेस्ट हॅम्पस्टेड, ५ जुलै १९६४

लंडनमधल्या वेस्ट हॅम्पस्टेडच्या डेका स्टुडिओत पहिलं रेकॉर्डिंग झालं. एका बैठकीत सात गाणी, त्यात 'ग्लोरिया'. निर्माते डिक रो. मुलं नवखी आहेत असं म्हणून त्यांनी ऑर्गनवर आर्थर ग्रीन्स्लेड आणि ड्रमवर बॉबी ग्रॅहम हे भाडोत्री वादक बसवले.

भाडोत्री म्हणजे सेशन वादक. कंपन्या ते का बोलवायच्या? तेव्हाची बैठक तीन तासांची असायची. ट्रॅक थोडे, त्यामुळे सगळे एकाच वेळी वाजवणार. ड्रमर एका जागी घसरला तर अख्खा टेक वाया, पुन्हा पहिल्यापासून. रोज दोन-तीन बैठका करणारा ग्रॅहमसारखा माणूस पहिल्या-दुसऱ्या टेकलाच बिनचूक वाजवतो. कंपनीच्या हिशेबाने हे शहाणपणाचं, ग्रुपच्या मनाला मात्र लागणारं. शिवाय यातून कायमचा गोंधळ उरतो: रेकॉर्डवर नेमकं कोण वाजवतंय? पुढच्या बैठकीत जिमी पेज हा तरुण सेशन गिटारवादक 'बेबी प्लीज डोन्ट गो'वर वाजवून गेला. हाच पुढे लेड झेपलिनचा. त्या गाण्याच्या सुरुवातीचा गिटारचा प्रसिद्ध तुकडा त्याचा की हॅरिसनचा, हा वाद अजून मिटलेला नाही. हॅरिसन तो आपलाच असं सांगत आला, आणि मॅरिटाइमच्या काळापासून गाणं ग्रुपच्या यादीत होतं हे लक्षात घेता त्याच्या म्हणण्यात वजन वाटतं.

पहिली रेकॉर्ड पडली. दुसरी ६ नोव्हेंबर १९६४ ला आली: ए बाजूला 'बेबी प्लीज डोन्ट गो', बी बाजूला 'ग्लोरिया'. त्या काळातल्या सगळ्यात दमदार तबकड्यांपैकी ही एक, असं म्हणायला आम्हाला संकोच नाही. 'रेडी स्टेडी गो!' या टीव्ही कार्यक्रमाने ए बाजूचं गाणं काही काळ शीर्षकसंगीत म्हणून वापरलं आणि १९६५ च्या सुरुवातीला रेकॉर्ड ब्रिटनमध्ये दहाव्या क्रमांकावर पोचली. मग अमेरिकेहून आलेल्या बर्ट बर्न्स या निर्मात्याने स्वतःचं 'हिअर कम्स द नाइट' हे गाणं त्यांना दिलं. मार्चमध्ये आलेलं हे गाणं दुसऱ्या क्रमांकावर गेलं, अमेरिकेत चोविसाव्या. ११ एप्रिल १९६५ ला वेम्बलीच्या एम्पायर पूलमध्ये बीटल्स आणि स्टोन्स ज्या मंचावर होते त्याच मंचावर 'देम' वाजवत होता. मॅरिटाइम सुरू होऊन जेमतेम वर्ष झालं होतं.

एका तबकडीचा हिशेब

इथे थांबून पैशाकडे पाहू, कारण फाटाफूट इथूनच समजते. 'देम'च्या करारातले दर आम्ही मांडत नाही. त्या काळचे सर्वज्ञात दर घेऊन एक नमुना हिशेब करू.

सिंगलची, म्हणजे दोन बाजूंना एकेक गाणं असलेल्या छोट्या तबकडीची, दुकानातली किंमत साधारण सहा शिलिंग आठ पेन्स, म्हणजे जुन्या चलनात ऐंशी पेन्स. (एका पाउंडात २४० पेन्स.) नव्या कलाकाराची रॉयल्टी किती कमी असू शकायची याचं प्रसिद्ध उदाहरण बीटल्सचं: ईएमआय या रेकॉर्ड कंपनीबरोबरच्या पहिल्या करारात अख्ख्या ग्रुपला मिळून एका सिंगलमागे एक पेनी. समजा एक लाख प्रती खपल्या. एक लाख पेन्स म्हणजे सुमारे ४१६ पाउंड. त्यातून मॅनेजरचा पंचवीस टक्के वाटा गेला की उरले ३१२. पाच जणांत वाटले तर प्रत्येकी ६२ पाउंड. तेव्हाच्या ब्रिटिश कारखान्यातल्या कामगाराचा हा सुमारे साडेतीन आठवड्यांचा पगार. एक लाख खपाच्या रेकॉर्डमागे.

आता गीतकाराची वाट वेगळी. १९५६ च्या ब्रिटिश कॉपीराइट कायद्याने रेकॉर्डच्या किरकोळ किमतीच्या सव्वासहा टक्के रक्कम गाण्याच्या हक्कदारांना ठरवून दिली होती. म्हणजे तबकडीमागे चार-पाच पेन्स. ही रक्कम दोन्ही बाजूंना सारखी वाटली जायची. बी बाजूचं गाणं रेडिओवर एकदाही वाजलं नाही तरी त्याचा वाटा ए बाजूइतकाच! त्यातला अर्धा प्रकाशकाला गेला असं धरलं तरी बी बाजूच्या गीतकाराला तबकडीमागे एक पेनी किंवा थोडं जास्त उरतं. एक लाख प्रतींवर चारशेहून जास्त पाउंड, एकट्याला.

दोन आकडे शेजारी ठेवा: बासवाल्याला ६२, गीतकाराला ६२ आणि वर चारशे. 'ग्लोरिया' मॉरिसनचं होतं. ए बाजू जुन्या ब्लूजची, बिग जो विल्यम्सने १९३५ मध्ये रेकॉर्ड केलेली. ग्रुपने एकत्र घडवलेल्या आवाजाचा मोबदला पाचांत वाटला जातो आणि गाण्याचा एका कागदावरच्या नावाला जातो. साठच्या दशकातले बहुतेक ग्रुप याच फटीतून तडकले. शिवाय निर्मात्याला, प्रकाशकाला आपलीच गाणी रेकॉर्डवर घालण्यात रस का असतो, तेही इथून कळतं. 'देम'च्या एलपींवर स्कॉट आणि बर्न्स यांची गाणी दिसतात ती फक्त आवडीपोटी नव्हेत. पहिल्या एलपीवर, म्हणजे जून १९६५ च्या 'द अँग्री यंग देम'वर, चौदापैकी सहा गाणी मॉरिसनची होती. ती सहाच ऐकली तरी त्याला काय करायचं होतं ते स्पष्ट कळतं.

आणि हे सगळं पैसे आल्यावरचं. रॉयल्टीचा हिशेब बहुधा सहामाही. व्हॅनचं पेट्रोल, हॉटेलचं भाडं आणि जेवण मात्र रोजचं. बेलफास्टच्या ग्रुपला तर आणखी एक खर्च: इंग्लंडमधल्या प्रत्येक कार्यक्रमासाठी रात्रीची बोट पकडून लिव्हरपूल किंवा हेशम गाठायचं, नाहीतर लंडनला भाड्याने राहायचं. मँचेस्टरचा ड्रमर कार्यक्रम संपवून घरी झोपायला जाऊ शकत होता. बेलफास्टच्याला ते शक्य नव्हतं.

पाटी तीच, माणसं वेगळी

मिलिंग्ज संसारी माणूस, त्याला दर आठवड्याला हातात पैसा हवा होता. तो १९६४ संपता संपता गेला. पॅट मॅकॉली ड्रमवर सरकला, त्याचा भाऊ जॅकी ऑर्गनवर आला. पुढे पीटर बार्डेन्स आला आणि काही महिन्यांत गेला. १९६५ च्या उन्हाळ्यात हॅरिसन बाहेर पडला, आणि हा धक्का मोठा होता. मॅरिटाइममध्ये ग्रुपचा खमका माणूस तोच, आणि गिटारचा तो कर्कश, टोचणारा आवाजही त्याचाच. शरद ऋतूपर्यंत मूळ पाचांतले उरले दोघे: मॉरिसन आणि हेंडरसन. त्यांनी बेलफास्टला परतून नवी माणसं जमवली: गिटारवर जिम आर्मस्ट्राँग, सॅक्सोफोन-बासरी-ऑर्गनवर रे एलियट, ड्रमवर जॉन विल्सन. वादक म्हणून हा संच आधीच्यापेक्षा सरस होता. जानेवारी १९६६ च्या 'देम अगेन'मध्ये जॅझकडे झुकणारी वळणं दिसतात ती यांच्यामुळे. पण तोवर सिंगल खपेनाशा झाल्या होत्या. 'वन मोर टाइम' पडलं, त्यानंतरचंही पडलं. नोव्हेंबर १९६५ च्या 'मिस्टिक आइज'ने अमेरिकेत तेहतिसावा क्रमांक गाठला, ब्रिटनमध्ये काहीच नाही.

बाहेर पडलेले गप्प बसले नाहीत. हॅरिसन आणि पॅट मॅकॉली यांनी दुसरा 'देम' उभा केला. हॅरिसन त्यातून लवकर गळाला आणि मॅकॉली बंधूंनी तो चालवला. काही काळ एकाच नावाचे दोन ग्रुप कार्यक्रम घेत होते. प्रकरण कोर्टापर्यंत गेलं. मॉरिसन-हेंडरसनकडे नाव राहिलं, मॅकॉली मंडळींना ब्रिटनमध्ये 'द अदर देम' म्हणवून घ्यायची मुभा मिळाली. किम फाउली या अमेरिकन निर्मात्याने केलेला त्यांचा एलपी १९६७ मध्ये स्वीडनमध्ये निघाला आणि आज ते 'बेलफास्ट जिप्सीज' म्हणून ओळखले जातात. त्यात मॉरिसन गातोय असं समजून तो घेऊ नका. गायक जॅकी मॅकॉली आहे, आणि रेकॉर्ड झकास आहे.

असा गोंधळ होऊ का शकला? कारण मुलं एकत्र आली तेव्हा नावाची मालकी कोणीच कागदावर आणली नव्हती. भागीदारीचा करार नाही, कोणी सोडून गेलं तर काय याचं कलम नाही. ज्याच्याकडे नाव त्याच्याकडे कार्यक्रमांची बुकिंगं, आणि जुन्या गाण्यांवर टाळ्या घेण्याचा हक्क. प्रेक्षकांना तर टीव्हीवर एकदा पाहिलेले चेहरे लक्षातही नसायचे.

वृत्तपत्रांशीही त्यांचं कधी जमलं नाही. डेकाने त्यांना चिडलेली, उर्मट पोरं म्हणून विकलं, एलपीचं नावही तसंच ठेवलं. मग मुलाखतीला आलेल्या पत्रकारांना तुटक उत्तरं, कधी नुसतं मौन. सुरुवातीला गंमत वाटली. रेकॉर्ड पडायला लागल्यावर तेच अंगलट आलं, कारण पडत्या ग्रुपबद्दल चांगलं लिहायला कोणी उरलं नव्हतं.

अमेरिका, दीड वर्ष उशिरा

ब्रिटिश ग्रुपला अमेरिकेत वाजवायचं तर दोन्ही देशांच्या वादक संघटनांमधली देवाणघेवाण, कामाचा व्हिसा, दौऱ्याचा प्रायोजक, सगळं जुळावं लागायचं. किंक्स या ग्रुपला तर १९६५ पासून चार वर्षं अमेरिकेत वाजवताच आलं नाही. 'देम' तिथे पोचला मे १९६६ मध्ये. 'हिअर कम्स द नाइट' गाजून वर्ष उलटलं होतं, 'ग्लोरिया' निघून दीड.

दरम्यान 'ग्लोरिया'चा फायदा दुसऱ्यांनी घेतला होता. मूळ गाण्यात मुलगी खोलीत येते अशी ओळ आहे, ती काही रेडिओ केंद्रांना चालेना. शिकागोजवळच्या 'शॅडोज ऑफ नाइट' या ग्रुपने ती ओळ बदलली, ती माझं नाव घेते असं केलं, आणि १९६६ मध्ये अमेरिकेत दहावा क्रमांक पटकावला. 'देम'ची मूळ रेकॉर्ड पुन्हा काढली तर ती एकाहत्तराव्यावर अडकली. गीतकाराला दोन्हींचे पैसे मिळतात. वाजवणाऱ्यांना दुसऱ्याच्या आवृत्तीचं काही मिळत नाही.

तरीही कॅलिफोर्नियात गर्दी होती. लॉस एंजेलिसच्या व्हिस्की अ गो गो क्लबमध्ये ३० मे ते १८ जून असा मुक्काम होता. शेवटच्या आठवड्यात आधी वाजवणारा ग्रुप होता 'द डोअर्स', तेव्हा एकही रेकॉर्ड नसलेला. त्यांचा गायक जिम मॉरिसन रोज बाजूला उभा राहून या आडनावबंधूचं मंचावरचं वागणं टिपत होता: माइकच्या स्टँडशी झटापट, अचानक थांबणं, शब्दांचा मनातून वाहणारा ओघ. १८ जूनला दोन्ही ग्रुप एकत्र मंचावर आले आणि 'ग्लोरिया' वीसेक मिनिटं चाललं. मॅरिटाइमचंच माप, इतक्या खटपटीनंतर पुन्हा एका छोट्या क्लबात मिळालेलं.

त्याच दौऱ्यात मिळकतीच्या वाटपावरून ग्रुप आणि सॉलोमन यांच्यात वाजलं. व्हिसाची मुदत संपली. सॅन फ्रान्सिस्को, हवाई असं करत मंडळी परतली, आयर्लंडमध्ये एक-दोन कार्यक्रम झाले आणि मॉरिसनचा 'देम' संपला. दोन वर्षांचा करारही त्याच उन्हाळ्यात सरत होता. नवा करार करावा असं कोणालाच वाटलं नाही.

पुढे

मॉरिसन बर्ट बर्न्सच्या न्यूयॉर्कमधल्या बँग रेकॉर्ड्सकडे गेला. मार्च १९६७ मध्ये दोन दिवसांत आठ गाणी झाली, त्यातलं 'ब्राउन आइड गर्ल' अमेरिकेत दहाव्या क्रमांकावर गेलं. पण आठही गाणी त्याला न विचारता एलपी म्हणून निघाली. करार त्याने नीट वाचला नव्हता, दुसरं काय म्हणणार. डिसेंबरअखेर बर्न्स अचानक वारला आणि सुटका करून घेण्यासाठी मॉरिसनला ठरलेल्या संख्येइतकी गाणी देणं भाग होतं. त्याने एका बैठकीत तीसहून जास्त अर्धवट, मुद्दाम टुकार गाणी गिटारवर खरडून दिली. ती ऐकायला मिळतात, एकदा ऐका, हसू येईल. त्यानंतर १९६८ मध्ये वॉर्नर या रेकॉर्ड कंपनीकडे 'अ‍ॅस्ट्रल वीक्स' झालं.

बाकीच्यांनी केन मॅकडाउल या गायकाला घेऊन अमेरिकेत 'देम' पुढे चालवला, १९६८ मध्ये दोन एलपी काढले. हॅरिसन, हेंडरसन, रिक्सन १९७९ मध्ये पुन्हा एकत्र आले, तेही एका एलपीपुरतं. ड्रमर जॉन विल्सन आधीच वेगळ्या वाटेने गेला होता: १९६८ मध्ये तो कॉर्कच्या रोरी गॅलाघरच्या 'टेस्ट'मध्ये आला. गॅलाघरही शोबँडमधून आलेला, आणि 'टेस्ट'चा मॅनेजर एडी केनेडी हा मॅरिटाइमचाच हॉल चालवणारा. १९७० मध्ये आइल ऑफ वाइटच्या महोत्सवात लाखोंनी त्यांना डोक्यावर घेतलं आणि त्याच वर्षाच्या शेवटच्या रात्री तोही ग्रुप संपला. तिथेही भांडण पैशाचं आणि मॅनेजरचं.

ऐकायचं असेल तर क्रम असा ठेवा. आधी नोव्हेंबर १९६४ ची सिंगल, दोन्ही बाजू, मोठ्या आवाजात. मग 'द अँग्री यंग देम'मधली 'मिस्टिक आइज' आणि 'यू जस्ट कान्ट विन'. नंतर 'देम अगेन'. तिची ब्रिटिश आवृत्ती सोळा गाण्यांची आहे आणि अमेरिकन बारा, म्हणून घेताना मागची यादी मोजा. १९६८ पासूनचं नवं रेकॉर्डिंग 'देम' नावाने दिसलं तर त्यात मॉरिसन नाही, आणि मुखपृष्ठावर ते कोणी मोठ्या अक्षरात सांगेलच असं नाही.